आलिस किपलिंग आणि तिचे माहेर

रुडयार्ड किपलिंग ह्या ग्रंथकाराचे नाव आमच्या विद्यार्थ्यांस अपरिचित नाही. मोगली, बघीरा, शेरखान ही मंडळी तर ज्यांनी मूळ इंग्रजी पुस्तक कधी हाती धरले नाही त्यांच्याही ओळखीची झाली आहेत. ह्या ग्रंथकाराचा जन्म मुंबईस झाला, हेही पुष्कळांनी ऐकलेले असते. परंतु प्रस्तुत लेख त्या पुत्राविषयी नसून त्याच्या मातेविषयी व मातेच्या घराण्याविषयी आहे. आलिस किपलिंग ही बाई १८६५ साली मुंबईच्या बंदरात उतरली आणि १८९३ साली ह्या देशातून कायमची परत गेली. मधल्या अठ्ठावीस वर्षांपैकी पहिली दहा मुंबईत व पुढची लाहोरात गेली. तिचे माहेर असे विलक्षण होते की, एकाच पाळकाच्या घरातून निघालेल्या चार बहिणींच्या योगाने इंग्लंडच्या चित्रकलेत, वाङ्मयात आणि राज्यकारभारात एकेक मोठे नाव उभे राहिले.

आमच्या भागात इंग्रज म्हटला म्हणजे जुन्या माणसांस शिरूरचे कर्नल वॉलेस आठवतात. ते १८०९ साली तेथेच वारले आणि पुढे त्यांच्या थडग्यास लोक सत्पुरुषाचे स्थान मानू लागले. सणसवाडीहून शिरूर दूर नाही. इच्छा असेल त्याने ते स्थान पाहून यावे. शिपाईगिरी करणाऱ्या इंग्रजांचा इतिहास असा रस्त्याच्या कडेलाही सापडतो. त्यांच्या बायकांचा मात्र सहसा सापडत नाही. त्या आल्या, त्यांनी घरे मांडली, मुलांना जन्म दिला, कित्येकांनी ती मुले येथेच पुरली, आणि बाकीची आगबोटीत बसवून मायदेशी पाठवून दिली. आलिसच्या चरित्रात हे सर्व घडले, आणि तिचा मुलगा लेखक निघाल्यामुळे त्याचा वृत्तांत जगापुढे आला.

मॅक्डॉनल्ड हे नाव मूळचे स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातले. आलिसचे आजोबा जेम्स मॅक्डॉनल्ड हे आयर्लंडात वाढले व जॉन वेस्ली हयात असतानाच त्यांच्या मेथॉडिस्ट मंडळीत उपदेशक झाले. त्यांचे पुत्र जॉर्ज ब्राउन मॅक्डॉनल्ड यांनीही तेच काम पत्करले. मेथॉडिस्ट पाळकास एका गावी फार दिवस राहू देत नसत; सुमारे तीन वर्षे झाली की बाडबिस्तरा बांधून पुढच्या मंडळीकडे जावयाचे, असा त्या पंथाचा नियम होता. त्यामुळे ह्या घरची मुले निरनिराळ्या गावी जन्मली. आलिस १८३७ सालच्या एप्रिलात शेफील्ड येथे, जॉर्जियाना १८४० साली बर्मिंगहॅम येथे, लुइसा १८४५ साली वेकफील्ड येथे. हॅना जोन्स ही त्यांची आई. तिला एकंदर अकरा मुले झाली. त्यांपैकी सात मोठी झाली. पाळकाचा पगार बेताचा, खाणारी तोंडे पुष्कळ, आणि दर तीन वर्षांनी नवे घर, नवे शेजारी, नवी शाळा; अशा स्थितीत मुलींना शाळेचे नीट शिक्षण मिळाले नाही. परंतु घरात पुस्तके होती, गाणे होते, आणि बोलण्याची चढाओढ होती. त्या चढाओढीत आलिस सर्वांच्या पुढे असे.

तिच्या जिभेला धार होती, हे सर्वांनी लिहून ठेवले आहे. घराण्यात एक गोष्ट सांगत. वेस्लीसाहेबांच्या केसांची एक बट त्या घरी मोठ्या आदराने जपून ठेवलेली होती. एकदा आवराआवर करताना ती आलिसच्या हाती लागली, आणि तिने काहीतरी चटकदार बोलून ती सरळ विस्तवात टाकली. पाळकाच्या मुलीने असे करावे, हे वाचून कित्येकांस राग येईल. आम्हांस त्यात निराळे काही दिसते. ज्या घरात धर्म हाच बापाचा व्यवसाय असतो, त्या घरातील बुद्धिमान मुलांचा अशा जतन केलेल्या वस्तूंवरील विश्वास लवकर उडतो. आलिसने चर्च सोडले नाही, पण बापाचा उत्साह तिच्यात कधीच उतरला नाही. भाऊ फ्रेडरिक मात्र बापाच्या वाटेने गेला आणि १८९९ साली मेथॉडिस्ट परिषदेचा अध्यक्ष झाला.

थोरला भाऊ हॅरी बर्मिंगहॅमच्या शाळेत शिकत असता त्याची एडवर्ड बर्न-जोन्स नावाच्या मुलाशी मैत्री जडली. हा मुलगा पुढे इंग्लंडचा प्रख्यात चित्रकार झाला. हॅरीचे मित्र घरी येऊ लागले, बहिणींची त्यांच्याशी ओळख झाली, आणि १८६० साली जॉर्जियानाने बर्न-जोन्सशी लग्न केले. तिच्या घरी विल्यम मॉरिस, रॉसेटी अशा मंडळींचे जाणेयेणे असे. १८६६ साली एकाच दिवशी, एकाच देवळात, आणखी दोन बहिणींची लग्ने लागली. अॅग्नेसने एडवर्ड पॉइंटर ह्या चित्रकाराशी केले. ते पुढे लंडनच्या रॉयल अकॅडमीचे अध्यक्ष झाले. लुइसाने आल्फ्रेड बाल्डविन ह्या लोखंडाच्या कारखानदाराशी केले. धाकटी ईडिथ अविवाहित राहिली, व तिनेच म्हातारपणी घराण्याची बखर लिहून ठेवली.

आलिसचे लग्न मात्र सहज जमले नाही. तिची सोयरीक एकदा ठरून मोडली, पुन्हा ठरून मोडली. वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत ती माहेरीच होती. १८६३ साली फ्रेडरिक स्टॅफर्डशर परगण्यातील बर्स्लेम गावी पाळक होता. चिनी मातीच्या भांड्यांबद्दल तो मुलूख प्रसिद्ध आहे. त्याच गावी नक्षीकाम करणारा जॉन लॉकवुड किपलिंग नावाचा तरुण फ्रेडरिकचा स्नेही होता. तोही मेथॉडिस्ट पाळकाचा मुलगा. बुटका, शांत, हाताचा कसबी आणि अत्यंत सालस. रुडयार्ड नावाच्या तलावाकाठी वनभोजनास मंडळी गेली असता ह्या दोघांची गाठ पडली. १८६५ सालच्या मार्चात लंडनला त्यांचे लग्न झाले, आणि थोड्याच आठवड्यांत ती दोघे मुंबईस निघाली. सुएझचा कालवा तेव्हा खुला झाला नव्हता. तो १८६९ साली झाला. अलेक्झांड्रियास उतरून आगगाडीने मिसर देश ओलांडावयाचा आणि सुएझला दुसरी आगबोट धरावयाची, असा त्या वेळचा प्रवास होता.

मुंबईत सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली चित्रकलेची शाळा निघाली होती. तिच्यात इमारतीवरील शिल्पकाम शिकविण्यासाठी लॉकवुडची नेमणूक झाली. त्याच साली जॉन ग्रिफिथ्स हेही त्या शाळेत आले. त्यांनीच पुढे आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करून घेतल्या. पगार वर्षाचा चारशे पौंड. इंग्लंडच्या मानाने बरा, पण मुंबईतल्या साहेबलोकांत चित्रकलेच्या मास्तराची पायरी अगदी खालची. कलेक्टर, न्यायाधीश, पलटणीचे अंमलदार यांच्या बायका आधी बसत आणि आलिस मागे.

ती आली तो काळही मोठा चमत्कारिक होता. अमेरिकेतील यादवीमुळे तिकडचा कापूस बंद होऊन येथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि त्या पैशावर मुंबईत शेअरांचा सट्टा बोकाळला होता. किपलिंग दांपत्य मे महिन्यात उतरले. जुलैच्या पहिल्या तारखेस तो सगळा फुगा फुटला. कालचे लक्षाधीश आज दिवाळखोर झाले. तरी सर बार्टल फ्रिअर यांच्या हुकुमाने कोटाच्या भिंती पाडून नवी मुंबानगरी बांधण्याचे काम चालूच राहिले, आणि त्या बांधकामात लॉकवुडच्या हातास काम मिळाले. १८६९ साली पुऱ्या झालेल्या क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवर जी दगडी चित्रे आहेत ती त्यांनी आखलेली, आणि आतील कारंजेही त्यांचेच. त्या मंडईस आता महात्मा जोतीराव फुले यांचे नाव आहे. तिच्या दारावर शेतात राबणाऱ्या माणसांची चित्रे खोदलेली आहेत, हा योग मला नेहमी फार समर्पक वाटत आला आहे. आमच्या शाळेतील मुले मुंबईस गेली म्हणजे भाजीपाल्याकडे व पाखरांच्या पिंजऱ्यांकडे पाहतात. त्यांनी एकदा मान वर करून पाहावे.

१८६५ सालच्या डिसेंबरच्या ३० तारखेस आलिसला पहिला मुलगा झाला. बाळंतपण फार कठीण गेले. सहा दिवस ती अडली होती. बाईसाहेब सुटाव्यात म्हणून घरच्या चाकरांनी कालीपुढे बोकडाचा बळी दिला, असे त्या घराण्यात सांगत. पाळकांच्या दोन घराण्यांतला हा नातू. त्याचा बाप्तिस्मा मुंबईच्या सेंट थॉमस देवळात झाला. बापाच्या बापाचे जोसेफ हे नाव त्याला दिले, आणि ज्या तळ्याकाठी आईबापांची गाठ पडली त्या तळ्याचे दुसरे. पुढे दुसरेच नाव राहिले.

चित्रशाळेच्या आवारातच त्यांचा बंगला होता. आज तेथे जो लाकडी बंगला दाखवितात तो मागाहून बांधलेला आहे. जागा मात्र तीच. मुलाला सांभाळावयास एक गोव्याकडची रोमन कॅथॉलिक आया होती आणि मीता नावाचा एक हिंदू चाकर होता. आया त्याला वाटेवरच्या क्रुसापाशी नेई, आणि मीता त्याला देवळात नेई. मूल लहान असल्यामुळे मीताचे बोट धरून ते बेधडक आत जाई. सकाळी मंडईत, संध्याकाळी माहीमच्या माडांच्या सावलीत समुद्राकाठी, असा त्याचा दिनक्रम होता. दुपारी आया आणि मीता गोष्टी सांगत, गाणी म्हणत. रात्री जेवणाच्या वेळी त्यास नवे कपडे घालून आईबापांकडे पाठवीत, आणि आता इंग्रजीत बोलावयाचे आहे, अशी आठवण देत. मुलगा मनात हिंदुस्थानी बोलीतच विचार करी आणि त्याचे अडखळत इंग्रजी करून आईला सांगे. त्याची आई खोलीत गात असे, हे त्याने म्हातारपणी आवर्जून लिहिले आहे.

नाशिकची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. उन्हाळ्यात हे कुटुंब तिकडे हवापालटास जाई. एकदा हा लहानगा नांगरलेल्या शेतातून एका कुणब्याचा हात धरून चालू लागला, आणि मागे वळून आईस त्या कुणब्याच्या भाषेत ओरडून सांगता झाला की, हा माझा भाऊ आहे. ह्याच मुलाने पुढे साम्राज्याचे पोवाडे गाइले, आणि त्यांतले पुष्कळसे आम्हांस मान्य होण्यासारखे नाही. तरी ही गोष्ट खोटी ठरत नाही.

चित्रशाळेपासून पारशांची दोखमे फार दूर नव्हती. एके दिवशी बागेत एका बालकाचा हात सापडला. गिधाडाच्या चोचीतून तो पडला असावा. आलिस अतिशय अस्वस्थ झाली आणि ह्याविषयी काही विचारावयाचे नाही, असे तिने मुलाला बजाविले. मुलाने आयेला विचारले व तिने सर्व सांगून टाकले. आई ज्या गोष्टींवर पडदा टाकी त्या आया उघड करी. इंग्रज घरांतून हे नित्याचेच होते.

१८६८ साली दुसऱ्या बाळंतपणासाठी आलिस इंग्लंडात गेली. पहिल्या वेळचा अनुभव तिला पुरे झाला होता. बर्न-जोन्स यांच्या लंडनमधील घरी जूनच्या ११ तारखेस तिला मुलगी झाली. तिचेही नाव आलिस, पण सर्वजण तिला ट्रिक्स म्हणत. त्या अवधीत अडीच वर्षांचा रुडयार्ड बेव्डली गावी आजीआजोबांपाशी होता, आणि तेथे त्याने सर्वांस सळो की पळो करून सोडले. आयेच्या व चाकराच्या हातात वाढलेले मूल. ते मोठ्याने ओरडे, दारे आपटी, रस्त्याने आरोळ्या ठोकीत जाई. म्हातारे आजोबा आजारी होते. ते त्याच वर्षी वारले. मावश्यांनी आपल्या पत्रांतून व रोजनिशीतून ह्या भाच्याविषयी फार गोड शब्द लिहिलेले नाहीत. ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, कारण पुढे जे घडले त्याचे मूळ काही अंशी येथे आहे.

१८७० साली आलिसला तिसरा मुलगा झाला, व तो लगेच गेला. त्याचे नाव जॉन ठेवले होते. पुढच्या वर्षी ती दोघे मुलांना घेऊन रजेवर इंग्लंडास गेली, आणि १८७१ च्या डिसेंबरात साउथसी ह्या बंदराच्या गावी, लॉर्न लॉज नावाच्या घरी, होलोवे नावाच्या कुटुंबात मुलांना ठेवून परत मुंबईस आली. त्या माणसांची व ह्यांची काही ओळखदेख नव्हती. वर्तमानपत्रातील जाहिरातीवरून ते घर मिळाले होते. पैसे घेऊन हिंदुस्थानातील साहेबांची मुले सांभाळणे हा अशा घरांचा उद्योगच होता. मुलगा सहा वर्षांचा होण्यास थोडे दिवस कमी होते. मुलगी साडेतीन वर्षांची होती. आपण जात आहोत हे मुलांस सांगितलेही नाही. निरोप घेतला तर मुले रडतील, न सांगता जावे हे बरे, असा कोणीतरी सल्ला दिला होता आणि तो त्यांनी मानला. मुलांस काही दिवसांनी उमगले की आईबाप आता येणार नाहीत. का गेले, केव्हा येतील, आपण काय अपराध केला, ह्यांपैकी कशाचेच उत्तर त्यांस मिळाले नाही.

ह्या ठिकाणी आलिसचा न्याय करताना दोन्ही बाजू पाहणे अवश्य आहे. मुले मायदेशी पाठविणे ही त्या काळच्या इंग्रजांची सार्वत्रिक चाल होती. पटकी, हिवताप, आमांश ह्यांनी युरोपियन मुले पटापट मरत; शिरूर, पुणे, मुंबई कोठलेही जुने इंग्रज कबरस्तान पाहावे, लहान लहान थडगी मोजता येणार नाहीत इतकी आढळतात. आलिसने स्वतः एक मूल नुकतेच गमाविले होते. शिवाय, मूल चाकरांच्या बोलीत वाढले तर त्याचे इंग्रजपण जाईल, त्याला पुढे चांगली शाळा व नोकरी मिळणार नाही, अशी भीती असे. ह्या भीतीत वर्णाचा अभिमानही होता, हे लपविण्यात अर्थ नाही. आणि तिने नवऱ्यास एकटे ठेवून स्वतः मुलांजवळ राहावे, तर चारशे पौंडांत दोन घरे चालत नव्हती.

परंतु एका प्रश्नाचे उत्तर मला ह्यात मिळत नाही. इंग्लंडात तिच्या तीन बहिणी आपापल्या घरी सुखात होत्या. चौथी अविवाहित होती आणि आई अजून हयात होती. माय मरो पण मावशी जगो, अशी आपल्याकडे म्हण आहे. मग एवढ्या मावश्या असता मुले परक्या दारी का ठेवली? ट्रिक्सने पुढे सांगितल्याप्रमाणे, नातेवाइकांच्या घरी मुले ठेवली की त्यांतून तंटे निघतात, असे आईचे मत होते. बेव्डलीचा अनुभव ताजा होता. रुडयार्डला पुन्हा कोणी आपल्या घरात घेण्यास फारसे उत्सुक नसावे. आणि आलिस मानी होती. चित्रकारांच्या व कारखानदारांच्या बायका झालेल्या बहिणींपुढे आपली मुले आश्रित म्हणून ठेवण्यापेक्षा पैसे मोजून परक्याकडे ठेवणे तिला बरे वाटले असावे. हा माझा तर्क आहे. तो खरा असल्यास त्या मानीपणाची किंमत दुसऱ्याच कोणी भरली, असे म्हणावे लागते.

होलोवेबाई कडक धर्मनिष्ठ होती. कॅप्टन होलोवे मुलावर माया करीत, पण ते १८७४ साली वारले. मग त्या बाईचे आणि तिच्या मुलाचेच राज्य झाले. ट्रिक्सला तिने चांगले वागविले. रुडयार्डला मात्र मार, उलटतपासणी, कोंडून ठेवणे, आणि पदोपदी नरकाचे भय. शिक्षा म्हणून बायबलातील उतारे पाठ करावयास लावीत. ज्या ग्रंथात लहान बालकांविषयी इतके कोमल शब्द आहेत त्याचाच छडीसारखा उपयोग करणारी माणसे निघतात, हे शाळेत बायबल शिकविणाऱ्या आम्हां मास्तरांस विसरून चालणार नाही. विलक्षण असे की, त्या पाठांतराने त्या मुलाच्या कानात बायबलाच्या भाषेचा ठेका कायमचा भरला. त्याच्या गद्यात तो सर्वत्र ऐकू येतो. एकदा शाळेचे प्रगतिपत्रक फेकून दिल्याबद्दल, हा खोटारडा आहे अशी पाटी पाठीवर लावून त्याला रस्त्याने शाळेत पाठविले. वर्षातून एकदा, नाताळात, जॉर्जियानामावशीच्या घरी तो जाई. तेथे चित्रे, गोष्टी, खेळ, सर्व काही असे. पण त्याने मावशीस एक अक्षर सांगितले नाही. लहान मुलास वाटते की जे आहे ते असेच असावयाचे. आमच्या वसतिगृहात खेड्यापाड्यांतून येणारी मुलेही पहिल्या वर्षी काही बोलत नाहीत. म्हणून ती सुखी आहेत असे समजू नये.

हळूहळू त्याची दृष्टी मंदावली. पुस्तक डोळ्यांशी धरावे लागे, अभ्यास मागे पडला, आणि त्याबद्दलही मारच मिळाला. अखेर कोणीतरी डाक्टर पाहावयास आला आणि मुलगा अर्धा आंधळा झाला आहे असे उघडकीस आले. मुंबई सोडून आता लाहोरास राहत असलेल्या आलिसला कळविण्यात आले, आणि १८७७ च्या वसंतात ती एकटीच इंग्लंडास धावली. पहिल्या रात्री मुलाच्या बिछान्याशी जाऊन ती त्याचा मुका घेण्यास वाकली, तेव्हा अकरा वर्षांच्या त्या मुलाने मार चुकविण्यासाठी आपला हात तोंडापुढे धरला. सव्वापाच वर्षांत काय झाले, हे तिला त्या एका हालचालीने समजले. तिने त्याच वेळी त्याला तेथून काढले, आणि तो उन्हाळा दोन्ही मुलांसह एपिंगच्या रानालगत एका शेतमळ्यावर घालविला. तेथे मुलांस वाटेल तसे हुंदडू दिले. गाई, डुकरे, घोडे, चिखल, कशाचीच मनाई नव्हती. जेवावयास येताना बूट पुसावेत, एवढीच तिची अट असे.

त्यानंतर १८७८ साली रुडयार्डला डेव्हनमधील वसतिशाळेत घातले. तेथले मुख्याध्यापक कॉर्मेल प्राइस हे हॅरीमामाचे बर्मिंगहॅमचे शाळूसोबती होते; ह्या वेळी तरी ओळखीच्या माणसाच्या हाती मूल सोपविले. मात्र ट्रिक्सला पुन्हा काही काळ होलोवेबाईकडेच पाठविले. हे वाचून मन गोंधळते. मुलीला तेथे त्रास नव्हता, एवढेच समर्थन देता येते.

लाहोरची वर्षे सुखाची गेली, म्हणून त्यांविषयी थोडक्यात सांगून चालेल. लॉकवुड १८७५ साली तेथील मेयो चित्रशाळेचे मुख्य व पदार्थसंग्रहालयाचे व्यवस्थापक झाले. ते शहर आज पाकिस्तानात आहे आणि ती शाळाही निराळ्या नावाने चालू आहे. १८८२ साली सोळा वर्षांचा रुडयार्ड परत आला. मुंबईच्या बंदरात उतरताच, ज्यांचा अर्थ आपणास ठाऊक नाही अशी देशी भाषेतील वाक्ये त्याच्या तोंडून बाहेर पडू लागली, असे त्याने लिहिले आहे. लाहोरच्या इंग्रजी दैनिकात त्यास नोकरी लागली. पुढल्या वर्षी ट्रिक्स आली. चौघे प्रथमच एका छपराखाली मोठ्या माणसांसारखी राहू लागली. १८८५ साली चौघांनी मिळून नाताळचे एक पुस्तक काढले. त्यात आलिसचेही लेखन आहे. मुलाने लिहिलेले प्रत्येक पान ती वाची आणि नावडले तर तसे बोलून दाखवी.

शिमल्यास तिचा दबदबा वाढला. पैसा नव्हता, हुद्दा नव्हता, पण तिच्यासारखे बोलणारे त्या डोंगरावर दुसरे कोणी नव्हते. लॉर्ड डफरिन हे व्हाइसरॉय मुद्दाम तिच्याकडे गप्पा मारावयास येत. त्यांच्या मुलाचे मन ट्रिक्सवर बसले, तेव्हा ट्रिक्सला दुसरीकडे पाठवावे, असे लाटसाहेबांनी सुचविले. आलिसने उत्तर केले की, हलवावयाचेच असेल तर आपल्या चिरंजीवांस हलवावे. आणि खरोखर चिरंजीवच हलविले गेले. चित्रकलेच्या मास्तराच्या बायकोने व्हाइसरॉयास असे म्हणावे, ह्यात मॅक्डॉनल्ड घराण्याचे पाणी दिसते.

१८८८ साली रुडयार्डने साउथसीच्या दिवसांवर एक गोष्ट लिहून छापली. नावे बदललेली होती, पण सर्व ओळखता येत होते. आईबापांच्या मनास ती फार लागली. ही अतिशयोक्ती आहे, असे ट्रिक्सच्या तोंडून वदवून घेण्याचा त्यांनी प्रयत्न केला. ट्रिक्सने ते कबूल केले नाही. ह्यानंतरही मुलगा शेवटपर्यंत आईस मानीत राहिला, तिच्या पसंतीची वाट पाहत राहिला, आणि तिच्याविषयी जाहीरपणे कधी कठोर बोलला नाही. क्षमा केली की विषयच मिटवून टाकला, हे बाहेरच्याने काय सांगावे!

माहेरच्या मंडळींचे पुढे काय झाले तेही येथेच सांगून टाकतो. लुइसाचा मुलगा स्टॅन्ली बाल्डविन तीन वेळा इंग्लंडचा पंतप्रधान झाला. १९३५ सालचा हिंदुस्थान सरकारचा कायदा, ज्याखाली १९३७ साली आपल्या मुंबई इलाख्यात निवडणुका होऊन लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले, तो त्याच्याच कारकिर्दीत पुरा झाला. रुडयार्डचा मात्र हिंदी लोकांस असे हक्क देण्यास कडवा विरोध होता. दोन सख्खे मावसभाऊ, दोन्हीकडून पाळकांचाच वारसा, आणि आमच्या देशाविषयी अशी विरुद्ध मते. ज्याने नाशिकच्या कुणब्याचा हात धरला होता तो विरोधात राहिला, आणि ज्याचे बालपण इंग्लंडच्या कारखान्यांजवळ गेले त्याने कायदा केला.

१८९३ साली लॉकवुड नोकरीतून मुक्त झाले आणि विल्टशर परगण्यातील टिसबरी गावी लहानसे घर घेऊन दोघे राहू लागली. विश्रांती फार दिवस लाभली नाही. ट्रिक्सने १८८९ साली जॉन फ्लेमिंग नावाच्या अंमलदाराशी लग्न केले होते. १८९८ च्या अखेरीस तिच्या मनास भयंकर आजार जडला. ती कधी तासन् तास बोले, कधी दिवसेंदिवस मुकी राहे. आलिसने तिला आपल्यापाशी आणले, आणि हे दुखणे मीच काढणार, असा हट्ट धरला. सत्तरीकडे झुकलेल्या ह्या बाईने मुलीची वर्षानुवर्षे शुश्रूषा केली. आजाराला उतार पडल्यावर, १९०२ च्या सुमारास, मायलेकींच्या कवितांचे एक पुस्तक निघाले. साडेतीन वर्षांची असताना जिला न सांगता सोडून दिले होते, तिला तिशीत असताना आईने असे हाताशी धरून ठेवले.

१९१० च्या नोव्हेंबरात आलिस वारली. लॉकवुड तिच्यामागे जेमतेम दोन महिने जगले. दोघांस टिसबरीच्या देवळाच्या आवारात पुरले. ट्रिक्स बरी होऊन एडिंबरो शहरी नवऱ्याजवळ राहिली आणि १९४८ साली, ऐंशी वर्षांची होऊन, तेथेच वारली. म्हातारपणी ती त्या शहराच्या प्राणिसंग्रहालयात पुष्कळदा जाई, आणि हत्तींच्या कुंपणाशी उभी राहून त्यांच्याशी हिंदुस्थानीत बोलत असे.